चोक ओढत नाही

चौथ्यांदा मीटर लावला. चौथ्यांदा त्याने बारा व्होल्ट दाखवले आणि चौथ्यांदा चोक ढिम्म हलला नाही.

बाबांच्या होडीचं मागचं इंजिन माझ्याहून सहा वर्षांनी मोठं. थंड असताना चोक लावून हवा कमी केल्याशिवाय ते पेटत नाही. किल्ली आत दाबली की एक छोटी कॉइल लोखंडी दांडा ओढते आणि हवेची झडप मिटते. हाताने मिटायची तर मागे वळून इंजिनाच्या झाकणाखाली हात घालावा लागतो. घसरून पडल्यापासून बाबांचा उजवा हात मागे जात नाही.

दादाने काल सांगून टाकलं होतं: रविवारी दहा वाजता बाबांनी एकट्याने, बसल्या जागेवरून इंजिन चालू करून दाखवलं तर होडी राहील, नाहीतर तो ती विकणार. रविवार उजाडला होता. साडेनऊ वाजले होते.

कॉइल काढून टेबलावर थेट बॅटरीला जोडली की दांडा खटकन ओढत होती. इंजिनावर बसवली की मेली. वायर बदलून झाली, दांडा घासून झाला.

"माहेरी बडबड, सासरी मुकी," बाबा उलट्या बादलीवर बसून म्हणाले. "दोन टोले दे. जुनी खोडं टोल्यानेच ऐकतात."

"मग तुमच्यापासून सुरुवात करू?"

ते हसले. मला हसू येत नव्हतं. बारा वर्षं मी वर्गात मुलांना हेच विजेचं काम शिकवते, आणि इथे एक वायर मला दाद देत नव्हती.

पाचव्यांदा मीटर लावताना हात थांबला. काळी पिन मी दर वेळी बॅटरीवरच टेकवत होते. म्हणजे वीज कॉइलपर्यंत येते एवढंच कळत होतं. ती परत जाते का, हे मी तपासलंच नव्हतं. याच चुकीला मी परीक्षेत दोन गुण कापते. काळी पिन कॉइलच्या पत्र्यावर टेकवली. शून्य.

कॉइल एका पट्टीने इंजिनाला आवळलेली असते आणि त्या पट्टीतूनच वीज परत जाते. पट्टी खोलली. खाली गुळगुळीत निळा रंग होता. स्क्रूच्या आट्यांतसुद्धा. रंगातून वीज जात नाही.

"बाबा, इथे रंग कुणी दिला?"

"मीच. सगळं खोलून दिला, डाव्या हाताने. वरवरचं काम मला जमत नाही."

तीन महिने घरात बसून त्यांनी हेच केलं होतं. ओठांवर आलेलं मी गिळलं आणि पॉलिश पेपर घेतला. रंगाची भुकटी पडायला लागली तसे ते दुसरीकडे बघू लागले.

धातू उघडा पडला, पट्टी आवळली, तोवर दादा धक्क्यावर येऊन उभा होता. बाबा होडीत बसले. किल्ली दाबली. खट. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि लागलं.

"ठीक आहे," दादा म्हणाला. त्याचं वाक्य संपायच्या आत बाबांनी डाव्या हाताने दोर सोडला. बरोबर कोण जाणार, हे ठरलंच नव्हतं.

होडी लांब गेल्यावर दादाने विचारलं, "आणि मध्येच बंद पडलं तर?"

"तर पुन्हा चालू करतील. त्याच्यासाठीच सकाळपासून मरत होते ना मी?"

आवाज चढला होता. सगळा राग त्याच्यावर निघाला, आणि तो राग त्याच्यावरचा नव्हताच, एकटेच निघून गेलेल्या बाबांवरचा होता.