मुक्काम कुठं होता

दोन हजार एकोणीस सालच्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरला नळाचं पाणी आठव्या दिवशी यायचं. त्या दिवशी गल्लीत सणासारखी धांदल. शेजारच्या वच्छलाकाकू मात्र आधी आपलं पिंप अंगणात उपडं करायच्या. आठ दिवस जिवापाड जपलेलं पाणी, ताजं आलं की शिळं ठरायचं आणि गटारीच्या वाटेला लागायचं.

ज्ञानेश्वरीला ते बघवत नसे. "काकू, ओतता कशाला? पाणी कुठं शिळं होतंय?"

"आठ दिवसांचं पाणी देवाला चालतं का गं?"

"देवाला विचारलं का तुम्ही? यंदा तो बी टँकरचंच पितोय."

काकू हसायच्या आणि पिंप पुन्हा भरायला लावायच्या. ज्ञानेश्वरी त्यांचं शिळं पाणी बादलीत धरून घ्यायची.

तिचे केस कमरेखाली होते. सासू बानाबाई होती तोवर म्हणायची, "हिच्या केसांला एक विहीर लागती." आता विहीर राहो, दीड तांब्यात डोकं धुवावं लागे. फेस निघतो न निघतो तोच पाणी संपे. म्हणून ज्ञानेश्वरीनं एक इच्छा उराशी धरली होती. लहान होती, पण तिची होती: एक दिवस नळ उघडा सोडून, कुणाचं पाणी तुटेल याची फिकीर न करता, केस धुवायचे.

त्या इच्छेची सोयही झाली होती. नवरा भारत बोअरच्या मोटारी विकायचा. शहर बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं, प्लॉट पडले की बोअर पडायचे, आणि पाणी जितकं खोल जाई तितकी भारतची फिरती वाढे. जालना, बीड, परभणी. कंपनीच्या खर्चानं तो 'शीतलछाया' हॉटेलात उतरायचा. त्या हॉटेलाच्या शाखा गावोगाव होत्या, आणि दर मुक्कामाचे पॉइंट त्याच्या नावावर जमा व्हायचे. पुरेसे साठले की जालना रोडवरच्या मोठ्या 'शीतलछाया'त दोन रात्री फुकट. तिथं न्हाणीघरात माणूस आडवा मावेल एवढा टब असतो, असं भारतनंच सांगितलं होतं.

"तुझ्यासाठी राखून ठेवलेत," तो म्हणायचा. "मी एकाला बी हात लावत नाय."

प्रत्येक मुक्कामाहून तो तिथला एक चिमुकला गोल साबण आणायचा, चुण्यांच्या कागदात गुंडाळलेला, वर कमळाचा शिक्का. ज्ञानेश्वरीनं ते बिस्किटाच्या डब्यात जपले. गेल्या वर्षीपासून साबण यायचे थांबले. "आता देत नाहीत," भारत म्हणाला. "दुष्काळ सगळ्यांलाच हाय." तिला ते पटलं होतं.

लग्नाला दहा वर्षं होणार म्हणून ती एक दिवस त्याला न सांगता हॉटेलात गेली. ओळख म्हणून पर्समध्ये एक साबण टाकला. काउंटरवरच्या पोरगेल्या माणसाच्या छातीवर ऋतुराज असं नाव लावलेलं होतं. खातं उघडताना भारतनं तिचाच मोबाइल नंबर दिलेला, त्यामुळं ओटीपीचा आकडा तिच्याच फोनवर आला.

ऋतुराजनं पडद्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मॅडम, बॅलन्स शून्य आहे."

"शून्य कसा? चार वर्षांचे पॉइंट हायत."

"होते मॅडम. नियम बदलला ना. आधी तीन वर्षं मुक्काम नाही केला तरी पॉइंट राहायचे. आता एक वर्ष मुक्काम नसला की जातात. मेसेज पाठवले होते आम्ही."

तिनं फोन चाळला. प्लॉट घ्या, कर्ज घ्या, पोट कमी करा, आणि त्यांच्या मधोमध दबलेले 'शीतलछाया'चे तीन मेसेज. एकही उघडलेला नव्हता.

"माणसानं राखून ठेवलेलं तुमी परस्पर शिळं ठरवता व्हय?" तिचा आवाज चढला. "आमच्या गल्लीत एक काकू हायत, त्या बी तुमच्यासारख्याच."

"नियम वरून येतो मॅडम."

मग तिच्या डोक्यात आत्ताचं वाक्य दुसऱ्यांदा वाजलं. एक वर्ष मुक्काम नसला की.

"पण ते तर दर महिन्याला येतात तुमच्याकडं. मागच्याच आठवड्यात जालन्याला होते."

ऋतुराजनं पुन्हा पडद्यावर बोट फिरवलं. मग खाली बघत म्हणाला, "सरांचा शेवटचा मुक्काम गेल्या वर्षी सात एप्रिलला दिसतोय. बीडला. त्यानंतर काहीच नाही."

ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावर ऊन नुसतं सांडलं होतं. पॉइंट गेले हे दुःख तिथल्या पायरीवरच राहिलं. एक दुसरंच काहीतरी तिच्यासोबत रिक्षात बसून घरी आलं. वर्षभर, महिन्याच्या चार-पाच रात्री, हा माणूस झोपला कुठं?

बानाबाई जात्यावर म्हणायची ती ओवी त्या दिवसापासून तिच्या कानाला लागली:

*शंकेचं गं रोप बाई, बिनपाण्यानं वाढतं*
*दुष्काळाच्या रानामंदी हिरवं डोकं काढतं*

भारत परभणीहून आला तो न्हाऊन-माखून. एरवी तिला याचं कौतुक वाटे, घरचं पाणी वाचतं म्हणून. आज तिनं हुंगून बघितलं. लाल साबणाचा वास, स्वस्तातला. कमळाच्या साबणाचा नव्हे.

"हॉटेलात पाणी होतं?"

"लई. धो धो."

"खोली कितव्या मजल्यावर होती?"

"दुसऱ्या. का गं?"

"काय नाय. उकडलं असंल म्हणून इचारलं."

तो झोपून गेल्यावर नव्हे, त्याच्या समोरच तिनं मोजे धुवायला घेतले, आणि बोटांना कुसळं टोचली. माळावरच्या गवताची, मोज्यात आरपार विणलेली. दुसऱ्या मजल्यावर गवत उगवतं का? बॅग झटकली तर तळातून लाल लुगड्याचा एक तुकडा पडला, कडा फाटलेला, मऊ पडलेला. भारतनं तो चटकन उचलला.

"मोटार पुसायला घेतलाय," तो म्हणाला.

लुगड्यानं मोटार! ज्ञानेश्वरीनं मोजे पिळून वाळत टाकले. पण त्या दिवसापासून तिची भाकरी रोज एका बाजूनं करपू लागली.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "उद्या कन्नडला डीलरकडं जातो. मुक्काम चाळीसगावला, शीतलछायात."

तो आंघोळीला गेल्यावर तिनं ऋतुराजला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, चाळीसगावला आमची शाखाच नाही."

सकाळी भारतची एसटी सुटली आणि मागच्या गाडीत ज्ञानेश्वरी बसली. स्कूटरवरच्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधला, डोळे तेवढे उघडे ठेवले. वाटेत दोन्हीकडं उसाच्या जागी नुसती ढेकळं. कन्नडला बाजार भरला होता. तिनं त्याला धान्याच्या ओळीत गाठलं आणि एका मिरचीवालीच्या आडोशाला उभी राहिली.

भारतनं बाजरी घेतली. मग चहापत्ती, साखर, गोडेतेलाची पिशवी, हळद. भाव करून करून घेतलं. घरी त्याला हळद कुठल्या डब्यात असते हेसुद्धा ठाऊक नव्हतं. नुसती नादाची बाई असती तर त्यानं बांगड्या घेतल्या असत्या, गजरा घेतला असता. हळद आणि तेल म्हणजे चूल. म्हणजे बिऱ्हाड.

"घेती का मिरची, का नुसतीच खोकती?" मिरचीवाली म्हणाली.

तिनं पावशेर घेतली.

तो घाटाकडच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये चढला. ती मागून सुटलेल्या जीपमध्ये. चार फाटे गेल्यावर तो डांबरीवरून उतरून पायवाटेनं जाताना दिसला, खांद्यावर बाजरीचं पोतं. तिनं गाडी थांबवली. मधे बरंच अंतर ठेवून चालू लागली. मोज्यांत नसली तरी साडीच्या काठात तीच कुसळं अडकू लागली. आता घर दिसेल, ती म्हणत होती. दारात रांगोळी असेल. त्या बाईला काय बोलायचं ते तिनं तीनदा म्हणून बघितलं.

घर दिसलं नाही. आधी वास आला. हा वास तिला जन्मापासून ओळखीचा होता: लोकर, लेंड्या आणि दूध. मग उतारावरच्या नांगरटीत मेंढरांच्या वाड्याचं जाळ्यांचं कुंपण दिसलं, बाहेर चरायला सोडलेली मेंढरं दिसली, आणि तीन दगडांच्या चुलीपुढं बसलेला तिचा नवरा. बाह्या वर, हात कोपरापर्यंत पिठात. भाकरी थापत होता. घरात जो पाण्याचा तांब्या स्वतः उचलत नव्हता, त्याची भाकरी गोल होती.

पलीकडं बाभळीखाली सासरा सूर्यभान पाय पसरून बसला होता. त्याला अलीकडं कमी दिसायचं. त्यानं मान वळवली. "कोण गं? चप्पल शहराची वाजती, पन चाल आपल्या घरची हाय."

भारतनं वर बघितलं. भाकरी हातातच फुटली. "ज्ञाना? तू?"

तिनं स्कार्फ सोडला. "तुमचं दुसरं बिऱ्हाड बघायला आले."

"आगं..."

"मुक्काम कुठं होता सांगा. वर्षभराचे. सात एप्रिलपासून."

तारीख ऐकून तो हबकलाच. पीठ झटकत उभा राहिला, परत बसला. "मेंढरं इकली म्हणलो ते... निम्मं खरं हाय."

"निम्मं खरं म्हंजे पुरतं खोटं."

कारण मेंढरं विकायची अट तिनंच घातली होती. तिचा बाप मेंढरांमागं चालता चालता पहाटेच्या अंधारात मालट्रकखाली गेला होता. बानाबाई वारल्यावर सूर्यभान एकटा पडला, तेव्हा तिनं भारतचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता: म्हातारा रस्त्यावर दिसता कामा नये. महिन्याभरानं भारत म्हणाला, इकली. म्हातारा चुलतभावाकडं मजेत हाय. दिवाळीला सासरा धुवट धोतर नेसून आला, लाडू खाऊन गेला, आणि तिनं विश्वास ठेवला.

"त्याला बोलू नको पोरी," सूर्यभान म्हणाला. "म्याच सोडली न्हाईत. बानाबाई गेली, आता ही बी गेली तर मी कुणाला हाक मारू?"

"मामा, तुमाला दिसत नाय, आन रस्ता चार पदरी झालाय. कोण ओलांडून देतं तुमाला?"

मग भारतनं बॅग ओढली आणि लाल लुगड्याचा तो तुकडा काढला. आता उन्हात तिनं काठ ओळखला. बानाबाईचं लुगडं.

"वाडा हलवायचा असला की आदल्या दिवशी मी येतो," तो म्हणाला. "पहाटं हायवेवर हे धरून उभा राहतो. ट्रकवाले शिव्या देतात, पन थांबतात. शेवटचं कोकरू गेलं की मग येष्टी धरतो. स्टँडवर धा रुपयं देऊन आंघोळ करतो आन मग घरी. कंपनी आता बिल मागत नाय, ठोक भत्ता देती. त्यातून ह्यांचा चारा." लुगड्याची घडी घालत तो म्हणाला, "तुझ्या पॉइंटला मात्र हात लावला नाय बघ. तसेच ठेवलेत."

ज्ञानेश्वरीला हसू का रडू ते कळेना. "गेले ते."

"कुठं गेले?"

"तुमी वर्षभर मुक्कामाला गेला नाय म्हणून मेले. राखून ठेवले म्हणून मेले."

भारतचा चेहरा असा झाला की तिचा राग क्षणभर बाजूला सरकला. "आसं कसं? आपण कमावलेलं... त्या पोराचं नाव काय? मी जातो उद्या. ह्यात कायतरी गोलमाल हाय."

"दुसऱ्याचा गोलमाल लगीच दिसतो व्हय तुमाला?"

सूर्यभान खूऽ खूऽ करून हसला. तेवढ्यात खालच्या अंगाला मोटार सुरू झाल्याचा आवाज आला आणि काळ्या पाइपातून पाणी उसळलं.

"लाईट आली," म्हातारा म्हणाला. "आप्पासाहेबाचं रान हाय हे. मेंढरं बसली की रानाला खत, आन आमाला त्याच्या बोअरचं पाणी. त्याच्या बापानं शब्द दिलता, तवा आप्पासाहेब पाळण्यात व्हता." तो काठी टेकत उठला. "पोरी, बानाबाई हितं पाइपाखालीच डोकं धुयाची. मी मेंढरं लिंबाकडं नेतो. घटकाभर काय येत न्हाई."

मेंढरांचा तो पांढरा-काळा लोंढा उतारावरून वळला आणि त्याच्या मागं म्हाताऱ्याची हाक विरत गेली.

ज्ञानेश्वरी किती तरी वेळ पाण्याकडं बघत उभी राहिली. अजून तिला ठरवता येत नव्हतं की या माणसाला माफ करायचं का नाही. त्यानं बापाला जपलं होतं, तिच्या बापासारखा तो ट्रकखाली जाऊ नये म्हणून जपलं होतं. आणि वर्षभर तिच्या डोळ्यांत बघून दुसरा मजला, दुसरा मजला म्हणाला होता. दोन्ही खरं होतं. तिनं अंबाडा सोडला. केस पाठीवरून खाली उतरले. पर्समधला साबण काढून कागद फाडला. हुंगला तर वास उडून गेलेला. फेस मात्र झाला.

"धरा पाइप," ती म्हणाली.

ती वाकली आणि पाणी तिच्या मानेवर, कानांमागं, केसांत कोसळलं. किती लागेल याचा विचार न करता कोसळलं. खाली नांगरटीत ओघळ पळू लागले. डोळे मिटलेले, तोंडावर फेस, भारतचा चेहरा तिला दिसत नव्हता. बरंच झालं.

"किती ठेवलीत?"

"काय?"

"मेंढरं. निम्मी इकली म्हणता ना?"



"सव्वाशे," भारत म्हणाला.

"आधी किती होती?"

"...दीडशे."

"ही निम्मी व्हय?"

त्यानं पाइप दुसऱ्या हातात घेतला.

"आणि?"

"आन दोन कुत्री."

"आणि?"

"आणि काय नाय. आईशप्पत."

तिनं आंधळ्यासारखा हात पुढं केला आणि पाइपवरचा त्याचा हात चाचपून बघितला. पिठानं अजून चिकट होता. थरथरत नव्हता. तरी तिनं जरा वेळ तो तसाच धरून ठेवला.

"उद्या पहाटं मी बी रस्त्यावर उभी राहणार," ती म्हणाली. "एका अंगाला तुमी, एका अंगाला मी."

"तू कशाला गं त्या ट्रकांत?"

"मोजायला," ती म्हणाली. "पाणी नीट धरा, डोळ्यात साबण चाललाय."