माझ्या पोटातली गल्ली

“या पायरीनं रोज माझी नडगी फोडायचीच असं ठरवलंय की काय,” सिलिंडरवाला पुटपुटला आणि खांद्यावरचं ओझं सावरत पुढे गेला.

मित्रांनो, ते माझ्याबद्दल होतं. मी एक जुनी पायरी आहे. मला माणसं घोट्यापर्यंतच दिसतात. त्यामुळे बोलताना त्यांची तोंडं किती वाकडी होतात ते कळत नाही, आणि माझं बरं चाललंय.

जन्मले तेव्हा मी नुसता काळा दगड होते, भिंतीला चिकटलेला. गवंड्यानं मला दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाला, “ही काही हलायची नाही.” तिथंच तो चुकला. मी हलले नाही, वाढले. या घरातले आजोबा तेव्हा कुणाचेच आजोबा नव्हते. भांडी घासायला बरं म्हणून त्यांनी माझ्यापुढे फूटभर बांधलं. मग समोरच्या शिवणकाकूंनी दोन फूट घेतले. आजोबांना ते कसं बघवणार? आधी स्कूटर चढवायला उतार आला, मग गुळगुळीत फरशी, मग कुंड्या. “काय ऐसपैस पायरी आहे हो,” लोक म्हणायचे आणि मी फुगायचे.

पुढे घरांवर मजले चढले. माझ्यावरून जाणाऱ्या चपला दुप्पट झाल्या. माणसं वाढली की चपला वाढणार, एवढं मलाही कळतं. पण मला वेगळंच कोडं पडलं होतं. समोरची पायरी रोज जवळ कशी येते? लहानपणी तिच्याशी बोलायला ओरडावं लागायचं, आता कुजबुजलं तरी पुरतं.

हल्ली आजोबांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून सून आणि नात त्यांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून नेतात. माझ्यावरून उतरताना सुनेच्या टाचा थरथरतात. ते मात्र मला अगदी जवळून दिसतं.

आज सकाळी गल्लीचा नवा आराखडा करणाऱ्या पालिकेच्या अभियंताबाई मोजपट्टी घेऊन आल्या. बारा फूट मोकळे निघाले तर दवाखान्याची गाडी दारापर्यंत येईल, नाहीतर तोंडाशी खांब रोवून गल्ली फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवणार, असं त्यांनी सांगितलं. सगळी गल्ली गोळा झाली. आजोबांची खुर्चीही माझ्यावर आणून ठेवली.

काकूंनी पट्टीचं टोक आपल्या पायरीच्या काठाला धरलं.

“काकू, भिंतीला लावा ना,” बाई म्हणाल्या.

“भिंतीला कशाला? गल्ली इथून सुरू होते.”

इकडचं टोक सुनेनं माझ्या काठाला लावलं. तिला तसंच वाटलं असणार, सगळ्यांनाच वाटतं.

“आठ फूट,” बाई म्हणाल्या.

मग मतांचा पाऊस पडला.

“बाहेरची माणसं फार आली हो.”

“मोटारसायकली बघा आधी त्या.”

“ऑफिसात बसून आराखडे काढतात, गल्ली यांना काय कळणार?”

बाई सगळं लिहून घेत होत्या. सुनेच्या पायाची बोटं माझ्यावर घट्ट आवळली होती. तिला बहुतेक कळलं होतं, पण सासऱ्यांनी हौसेनं बांधलेल्या पायरीबद्दल बोलायचं कुणी?

माझं कोडंही तेव्हाच सुटलं. हरवलेली गल्ली माझ्याच पोटात होती. मित्रांनो, आपल्या दारातली पायरी एकदा रस्त्यावर उभं राहून बघा. घरातून ती नेहमी लहानच दिसते. मला तोडलं तर दुखेल, नाही असं नाही. पण त्या टाचांचं थरथरणं मी आणखी किती दिवस बघू?

खुर्ची करकरली. आजोबा पुढे वाकले होते.

“सूनबाई, पट्टी मागे घे. त्या काळ्या दगडाला लाव, माझं घर तिथं संपतं. पुढची चार फूट गल्ली मी घेतलीय.”