हार घातलेली भंगार गाडी

मी मेटाडोर बोलतेय. इंदापूरच्या पोलीस ठाण्यामागं, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या पलीकडं एका कुशीवर कललेली गाडी दिसते ना, तीच मी. काचा नाहीत, चाकं नाहीत, एका अंगाचा पत्रा फाटलाय. लोक माझ्या सावलीला उभे राहून विड्या ओढतात आणि म्हणतात, "हिच्यात आता काय राम राह्यला न्हाय." मी ऐकून घेते. पण स्वभाव पहिल्यापासून तापट, फार दिवस ऐकून घेणं जमत नाही. म्हणून आज बोलते.

जन्मालाच मी मार खात आले. १९८४ साल होतं. कारखान्यात दोन माणसं हातोड्यानं माझा पत्रा बडवत होती, तिसरा ठिणग्या उडवत सांधे जोडत होता. रडायची सोय नव्हती, म्हणून की काय, शेवटी हॉर्न बसवला.

मग दहा वर्षं दूध वाहिलं. बाजूवर गाय रंगवली होती, पांढरीशुभ्र, डोळ्यात काजळ घातलेली. मला तिचा कोण अभिमान! पण ड्रायव्हर मिळाला तो एक नंबरचा चिडका. साहेब त्याला बोलला, की हा येऊन माझं दार आदळायचा, टायरला लाथ घालायचा. माणसाची ही सवय मी तेव्हाच ओळखली. ज्याच्यावर राग आहे त्याला तो मारत नाही. जे गप उभं असतं, त्याला मारतो.

म्हाताऱ्या झालेल्या मला म्हस्कूनं विकत घेतलं. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्याची उभी हयात मेंढरांमागं गेलेली. पण कालव्याचं पाणी आलं, जिकडं तिकडं ऊस झाला, मेंढरं चारायला रान उरलं नाही. त्यानं कळप विकला, दोन खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्यांत त्याचा डोळा लागेना. "एका जागी निजलं की अंगाला मुंग्या येत्यात," म्हणायचा. शेवटी त्यानं माझ्या पोटातच संसार मांडला. एका बाजूला फळ्यांची बाज, कोपऱ्यात स्टो, दुसऱ्या अंगाला पाण्याचं मोठं पिंप, आणि भिंतींना विकायच्या घोंगड्या. आठवड्याच्या बाजारांना घोंगड्या विकत नवराबायको माझ्यातून हिंडायची.

बायकोचं नाव म्हाळसा. पहिल्या दिवशी तिनं कपाळाला हात लावला. "सोन्यासारखी दोन खोल्यांची जागा सोडून ह्या डबड्यात ऱ्हायचं? लोकं शेण घालतील तोंडात!" आणि दुसऱ्या दिवसापासून तीच मला रोज झाडायची, पुसायची. माझी तिची तेव्हापासून गट्टी.

बरं चाललं होतं. मग लासुर्ण्याच्या बाजारात शकुबाई आली.

भरदुपारी गर्दीतून ती वाट काढत आली. पदर तोंडावर, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात चार-पाच वर्षांची छकुली. म्हस्कूनं तिला लगेच ओळखलं. हिच्या बापाच्या, भीमाच्या रानात तो दरसाल खतासाठी मेंढरं बसवायचा. लहानपणी ही त्याच्या कोकरांशी खेळायची, त्याला मामा म्हणायची. भीमा आता नव्हता. भावानं तिला दोनदा नवऱ्याकडं परत पाठवलं होतं.

"मामा, मला मारत हुता तवर मी ऱ्हायले," शकुबाई म्हणाली. "काल पोरीच्या हातनं दुधाचा तांब्या सांडला. तिच्या कानाखाली अशी दिली की कानातनं रगत आलं. ह्या कानानं तिला आता ऐकूच येत न्हाय."

म्हस्कूनं घोंगड्या बाजूला सारल्या. दार उघडलं आणि म्हणाला, "चढ पोरी. मामी भाकरी वाढंल."

नवऱ्याचं नाव विजयसिंह, सांगवीचा. चांगला धिप्पाड गडी, दारात जीप, हाताखाली चार टगे. बायकोची त्याला पडली नव्हती. "माझी पोरगी धनगराच्या गाडीत?" एवढंच त्याला झोंबलं होतं. शकुबाईनं बारामतीच्या कोर्टात दावा लावला. वकिलानं बजावलं, निकाल लागेपर्यंत पोरगी त्याच्या हाती लागू देऊ नका. एकदा तो घेऊन गेला, की परत आणता आणता जन्म जाईल. झालं, माझं पोट म्हणजे लपायची जागा झाली.

पण लपायचं तर कागद साफ पाहिजेत. माझे कागद अजून जुन्या दूधवाल्याच्या नावावर. रस्त्यात हवालदारानं अडवलं तर गाडी ठाण्यात, आणि आतली माणसंही ठाण्यात. म्हस्कूच्या नावावर करावी, तर विजयसिंहाचा एक एजंट पुण्याच्या आरटीओत पडीक असायचा. अखेर मी म्हाळसाच्या नावावर झाले, तेही तिच्या माहेरच्या नावानं. ते नाव तिच्या गावाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

पासिंगच्या दिवशी साहेबानं माझ्यात डोकं घातलं. "ही गाडी आहे का खोली?"

एरवी म्हस्कूनं छाती फुगवून घर दाखवलं असतं. त्या दिवशी बिचारा मान खाली घालून म्हणाला, "घोंगड्या ठिवतो साह्यब. दमलो की आडवा हुतो." साहेब हसला आणि सही केली. शकुबाई आणि छकुली तेवढा वेळ बाहेर रसवंतीत बसून होत्या.

नंतर माझी गाय पुसली. सगळीकडून मातकट रंग फासला. मला लई वाईट वाटलं. पण म्हस्कूचं म्हणणं खरं होतं, ध्यानात राहील असं काहीच अंगावर नको.

उभं कुठं राहायचं, ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. कळप जसा हलवायचा तसं मला हलवलं. एका गावात फार दिवस नाही, गाव तोंडओळखीचं झालं की चाकं फिरलीच. हंगामात साखर कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांच्या रांगेत मी बिनधास्त उभी राहायची. शंभर गाड्यांत एक गाडी, कोण बघतंय? विजयसिंहाची जीप दोनदा माझ्या शेजारून गेली. आत शकुबाईनं पोरीच्या तोंडावर हात ठेवलेला मला जाणवायचा.

हंगाम संपला, रांगा गेल्या. उघड्यावर मी नजरेत भरायला लागले. मग म्हस्कूनं मला निमगाव केतकीच्या बाहेर, दोस्ताच्या गॅरेजमागं नेलं. दोस्ताचं नाव सर्जेराव. त्यानंच शक्कल काढली. माझी चारी चाकं काढून शेडमध्ये ठेवली, मला दगडांच्या थरांवर उभं केलं, टपावर फाटकी टायरं टाकली. भंगाराच्या आत कोण डोकावतं? माझ्या बुडाला पत्र्याचं एक झाकण कापलं, त्यातून खाली उतरून बायकांना मागच्या मागं उसात जाता यायचं. म्हाळसा आणि म्हस्कू बाहेर पाल ठोकून राहिले, गॅरेजची राखण करणारे म्हणून.

चाकं नसलेली गाडी म्हणजे काय, ते मला विचारा. पण छकुली माझ्या आत चिंचोके खेळायची, हसायची. ते ऐकलं की मी गप राहायची.

असा शहाण्णव सालचा दसरा आला.

सर्जेरावानं सकाळीच गॅरेजमधल्या गाड्या धुतल्या, हार घातले, नारळ फोडले. ट्रॅक्टर नटला, जीपा नटल्या. म्हस्कू लांबून बघत होता. मग तो उठला. त्याच्या हातात झेंडूचा हार होता, भंडाऱ्याची पिशवी होती. मेंढरांचा वाडा असो की घर, ज्याच्या आसऱ्याला राहायचं त्याची दसऱ्याला पूजा चुकवायची नाही, हे त्याच्या रक्तातच होतं.

सर्जेराव धावला. "आबा, काय करताय? भंगाराला कोण हार घालतं व्हय?"

"भंगार तुझ्या लेखी," म्हस्कू म्हणाला. "माझ्या लेकीला हिनं पोटात घेतलीया. आज हिला उघडी ठिवू?"

त्यानं मला हार घातला, कपाळावर मूठभर भंडारा फासला. खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत मला कुणी गाडी मानलं नव्हतं.

थोड्या वेळानं एक गडी पंक्चर काढायला आला. बिडी ओढता ओढता त्याची नजर माझ्यावर पडली. चाकं नाहीत, काचेवर धूळ, टपावर कचरा, आणि गळ्यात ताजा हार. तो हसला. "सर्जेराव, ह्या मढ्याची पूजा कुणी केली?" मग त्याचं हसणं थांबलं. पालापाशी बसलेल्या लाल पटक्याकडं त्यानं नीट बघितलं, आणि पंक्चर तसंच सोडून तो रस्त्याला लागला. विजयसिंहाचा माणूस होता तो.

म्हस्कूनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "सर्जा, चाकं आण! चाकं!"

सर्जेरावानं जॅक ओढत आणला. पहिलं चाक गडगडत माझ्यापर्यंत आलं, तोच दसऱ्याला गावातच आलेली विजयसिंहाची जीप धुरळा उडवत आत घुसली.

चार जण उतरले. विजयसिंहाच्या हातात चाकं खोलायची लोखंडी टामी. म्हस्कू काठी घेऊन दारात आडवा झाला, तर पहिला घाव त्याच्या डोक्यात बसला. पटका लालच होता, म्हणून रक्त आधी कुणाला दिसलंच नाही. तो बसला, तेव्हा कळलं. म्हाळसानं एकाच्या मनगटाचा असा चावा घेतला की तो बैलागत ओरडला. दुसऱ्यानं तिला केसाला धरून फरफटलं. सर्जेरावाला जॅकच्याच दांड्यानं झोडपलं.

"शके, भाईर ये! न्हायतर गाडीसकट जाळतो तुला!"

शकुबाईनं आतून कडी घातली होती. टामीचे घाव माझ्यावर पडायला लागले. पुढची काच गेली. बाजूचा पत्रा फाटला. दोघे जण एका अंगानं मला गदागदा हलवत होते. दगडांवर मी डुलत होते आणि मनात एकच, चाकं असती तर! अहो, मेले तरी थांबले नसते.

आत शकुबाईनं बुडाचं झाकण उघडलं. छकुलीच्या चांगल्या कानाला तोंड लावून ती म्हणाली, "उसात पळ. मागं बघू नको." आणि पोरीला खाली सोडलं.

छकुली माझ्याखालून रांगत मागं निघाली. उसाच्या कडेला तिचं डोकं बाहेर पडलं, तेवढ्यात विजयसिंहाला तिचा पाय दिसला. टामी टाकून त्यानं जमिनीवर अंग झोकलं, माझ्याखाली शिरला आणि हात लांब करून पोरीचा घोटा पकडला. पोरीनं जी किंकाळी फोडली, ती माझ्या पत्र्यात अजून आहे.

"सोड तिला!" शकुबाई वरून झाकणातून ओरडली.

"माझी हाय!" तो खालून ओरडला आणि पोरीला खसकन ओढलं. तिची हनुवटी दगडावर आपटली.

शकुबाई उठली. पाण्यानं गच्च भरलेल्या पिंपाला तिनं खांदा लावला, आणि मोडून जुळलेला हातही लावला. पिंप कलंडलं. बाहेरून ते दोघे हलवत होतेच. सगळं वजन एका अंगाला आलं, दगडांचा थर सरकला आणि मी खाली आले. माझा मागचा एक्सल त्याच्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सोडलेल्या घोट्याचा तर आवाजही होत नाही, पण तो मला जास्त ऐकू आला. छकुली उसात पळाली होती.

टगे जीप घेऊन पसार झाले, मालकाला तिथंच टाकून. डोक्यातून रक्त गळत असलेल्या म्हस्कूनं आणि सर्जेरावानंच जॅक लावून त्याला बाहेर काढलं. जीव वाचला. हात मात्र खांद्यापासून कापावा लागला.

दोन वर्षं झाली. मी पुरावा म्हणून इथं पडून आहे. आता त्याच्या वकिलानं नवीनच काढलंय. म्हणे गाडी आपोआप पडली नाही, शकुबाईनं नवऱ्याला मारायला मुद्दाम पिंप ढकललं. तसं ठरलं तर तिला तुरुंग, आणि छकुली त्याच्या घरी.

परवा सगळी मला बघायला आली होती. छकुलीच्या हनुवटीवर व्रण आहे, उंची मात्र झकास वाढलीय. शकुबाईनं माझ्या फाटक्या पत्र्यावर हात ठेवला.

"आपलं वकील म्हणत्यात, पिंप आपसूक लवंडलं म्हणून सांग," ती म्हणाली. "मामा, मी ढकललं. परत येळ आली तर परत ढकलीन."

"तू गप ऱ्हा," म्हस्कू कुजबुजला. "गाडी पडली. एवढंच बोलायचं."

"पण खोटं..."

"अगं बया," म्हाळसा कडाडली, "पोरीकडं बघ आन मग बोल!"

शकुबाईनं छकुलीच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. सोमवारी बारामतीला तिची साक्ष आहे. ती काय सांगेल, मला माहीत नाही. बाई खरी आहे, आणि मला तिच्या खरेपणाचीच धास्ती वाटते.

म्हणून तुम्हाला गाठलं. तुम्ही कोर्टाकडं जाणार असाल, तर माझा जबाब तेवढा पोचवा. पिंप नाही, दगड नाही, शकुबाई नाही. मी पडले. त्या हातावर नेम धरून, जाणूनबुजून, माझ्या मनानं पडले. शिक्षा मला द्या. कटर लावा, तुकडे करा, किलोवर विका, हूं की चूं करणार नाही. पोरगी तेवढी आईजवळ राहू द्या.