बगलफूट

सासूबाईंनी आयुष्यात कधी सुनेवर आवाज चढवला नाही, आणि खरी अडचण तीच होती. ओरडणाऱ्या माणसाला उलट बोलता येतं, गेलाबाजार मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात. सासूबाई मात्र चूक सापडली की ती उचलून फळीवर ठेवत. बास. घरामागच्या काचघरात शिरलं की डाव्या हाताला ती फळी होती. सुनेनं फाडलेलं पान, सुनेच्या धक्क्यानं गळलेलं कोवळं वांगं, सुनेनं मारलेली सुतळीची घट्ट गाठ, सगळं तिथं ओळीनं मांडलेलं असे, कोर्टात पुरावे मांडावेत तसं. शब्द एक नाही. येणारा बघे, जाणारा बघे, आणि सून तर बघेच.

काचघर त्यांनी स्वतः उभं केलं होतं. ज्या हॉस्पिटलात नर्स म्हणून जन्म काढला, ते पाडायला घेतलं तेव्हा तिथल्या खिडक्या त्यांनी एकेक करून घरी आणल्या. एका काचेवर ‘शांतता राखा’ अजून शाबूत होतं, आतून उलटं दिसे. त्या शांततेत टोमॅटो, वांगी, काकड्या, मिरच्या आणि कोपऱ्यात खरबुजाचा एक वेल वाढत असे. खरबुजं जड झाली की त्या त्यांना जुन्या पायमोज्यांची झोळी बांधून छताला टांगत. शेजारीपाजारी बघायला येत आणि जाताना पिशवी भरून नेत.

सून शिवणकाम करायची. कपडे मापात बसवून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण काचघरात तिच्या हाताला जणू शापच होता. टोमॅटोचं खोड आणि पान यांच्या बेचक्यात जो नवा कोंब फुटतो, तो बगलफूट. लहान असतानाच मोडावा लागतो, नाहीतर सगळा रस तोच पितो आणि झाडाचं रान होतं. सासूबाई तो अंगठ्यानं बाजूला वाकवून टचकन मोडत. सुनेचा हात सवयीनं कात्रीकडे जायचा. कात्रीनं एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो, हे त्यांनी तिला एकदाच सांगितलं होतं. पुढं सांगितलं नाही. कात्रीनं कापलेले बगलफूट तेवढे फळीवर दिसत राहिले.

मग एके दिवशी सासूबाईंची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचा. त्यांची खाट मागच्या खिडकीशी लावली. तिथून काचघर दिसे. सून त्यांचं सगळं करी. पाठ पुसणं, भरवणं, कूस बदलणं. आणि रोज बशीत एक टोमॅटो ठेवून त्यांना दाखवायला आणी. का आणी, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. इतकी वर्षं या घरात घासली, एकदा तरी या बाईनं ‘जमलं गं तुला’ म्हणावं, एवढीच तिची भूक होती. सासूबाई डाव्या हातानं टोमॅटो फिरवून बघत, बशीत ठेवत आणि मान खिडकीकडे वळवत. शेवटच्या दिवशी त्यांनी मान वळवली नाही. टोमॅटो हातात धरून सुनेकडे बघितलं, ओठ हलले, पुन्हा हलले. सून खाली वाकली, कान त्यांच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास लागला. संध्याकाळी त्या गेल्या.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सुनेचे चार दिवस आता आले होते, आणि तिला तिची खोली हवी होती. शिलाई मशीन इतकी वर्षं जाण्यायेण्याच्या बोळात होतं; उजेड नाही, वारा नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचा गुडघा मात्र लागायचा. काचवाल्याशी बोलणं झालं. हंगामाची शेवटची फळं उतरली की तो सगळ्या काचा काढून नेणार आणि त्या जागी खोली उठणार. तोवर झाडांना पाणी घालायचं, ते काही माणुसकीच्या बाहेर नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी फळीवर बगलफूट होते.

ओळीनं मांडलेले, लहान ते मोठे. मोडलेल्या जागी ओल होती आणि टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास अजून ताजा होता. कात्रीचा काप सरळ असतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? हे अंगठ्यानं मोडलेले होते.

“अहो, तुम्ही गेला होता का मागं?” तिनं नवऱ्याला विचारलं. तो बस चालवायचा, पहाटेच बाहेर पडायच्या तयारीत होता.

“मी? मला टोमॅटो आणि वांग्यातला फरक ताटात आल्यावर कळतो.”

“मग कुणी केलं?”

“तूच केलं असशील. दमतेस हल्ली.”

त्या दिवसापासून तिनं काचघराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली, झोपतानासुद्धा. काही उपयोग झाला नाही. रिकामी ठेवलेली झारी सकाळी काठोकाठ भरलेली मिळे, कारण गार पाणी मुळांना झोंबतं, ते आदल्या दिवशी भरून ठेवायचं असतं. खरबुजाची झोळी तिनं गाठ मारून बांधली, तर सकाळी ती सैल करता येईल अशा सरफाशानं बांधलेली, आणि सुनेनं मारलेली गाठ जशीच्या तशी फळीवर. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. ही बाई तर मेली तरी हिचा तपासणीचा फेरा चुकेना!

भीती वाटली का? वाटली. पाचावर धारण बसली होती. काचघरात पाठमोरी काम करायची तर तिची छाती होईना. संध्याकाळच्या उजेडात एका काचेवर आतून वाफ धरे आणि बाकीच्या कोरड्या राहत. त्या काचेजवळ उभं राहून कुणी श्वास घेतंय, असं वाटे. ती काच फळीसमोरचीच होती. पण भीतीपेक्षा तिला संताप जास्त आला. खाटेवर तुमचं सगळं केलं ना मी? मग आता तरी सोडा की!

तिनं विचार केला, की चुकाच उरल्या नाहीत तर ही येईल कशाला? मग ती डोळ्यांत तेल घालून कामाला लागली. कात्री घरातच ठेवली. प्रत्येक झाडाचं प्रत्येक बेचकं बोटानं चाचपू लागली. झारी आदल्या दिवशी भरली. खरबुजाचं नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावलं, काचघरात मधमाशी येत नाही म्हणून. फळीवरचा पसारा कमी होत गेला. एका सकाळी तिथं फक्त एक काकडीचं पान होतं. तिनं ते उलटंसुलटं केलं, तिला काहीच दिसेना. उजेडात धरलं तेव्हा कडेला पिठासारखा एक ठिपका दिसला. भुरीचा पहिला ठिपका; चार दिवसांनी सगळा वेल गेला असता.

“बरोबर आहे तुमचं, आई,” ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच दचकली.

त्यानंतर ती बोलायलाच लागली. कुणाच्या ब्लाउजचं माप चुकलं, नवऱ्याचा पाय दुखतोय, सगळं सासूबाईंना सांगे. जिवंतपणी दोघी इतकं बोलल्या नव्हत्या. एकदा तिनं धीर करून विचारलंसुद्धा, “आई, त्या दिवशी काय म्हणायचं होतं तुम्हाला? चांगलं होतं की वाईट, एवढं तरी सांगा.” छतातली वाऱ्याची झडप उन्हानं कुरकुरली. बाकी काही नाही.

आणि मग एका सकाळी फळी रिकामी होती.

तिनं फळीखाली बघितलं, कुंड्यांमागं बघितलं. काही नाही. तिनं सगळी झाडं पुन्हा एकदा तपासली, आणि खरंच कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. “जमलं!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्यांची खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी फळी रिकामी. तिसऱ्या दिवशीही. फळीसमोरची काच आता बाकीच्यांसारखीच कोरडी राहू लागली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. सासूबाई असताना, सगळी वर्षं, मधूनमधून ही फळी रिकामी असायची. चूक नसली की त्या फळीवर काही ठेवत नसत. त्या बाईला कौतुक करायची तेवढीच रीत माहीत होती, आणि सून दर वेळी रिकाम्या फळीसमोरून बघितलं न बघितलंसं करून निघून गेली होती. बशीतला टोमॅटो त्या रोज फिरवून बघत, डाग शोधत. सापडला नाही की परत ठेवून मान वळवत. उत्तर तर तिला रोज मिळत होतं. आणि आता ते पुरतं मिळालं होतं, म्हणून देणारी निघून गेली होती.

काचवाला ठरल्याप्रमाणे आला. तिनं त्याला दारातूनच परतवलं. “अजून फळं आहेत.”

त्याच संध्याकाळी तिनं चूक केली. ठरवून. दारालगतच्या टोमॅटोचा एक बगलफूट, अगदी डोळ्यांसमोरचा, तिनं मोडला नाही. सकाळी धावत गेली. तो तिथंच होता. तिनं झारी रिकामी ठेवली, रिकामीच राहिली. खरबुजाला घट्ट गाठ मारली, गाठ तशीच. शेवटी तिनं घरातून कात्री आणली, एक चांगली फांदी कापली आणि कात्री फळीवर आपटली.

“चुकलंय, आई! दिसत नाही का? बघा की!”

कात्री सकाळी तिथंच होती, दवानं ओली.

बगलफूट वाढत राहिला. आधी वीतभर, मग हातभर, मग मूळ खोडाइतका जाड. त्याला फुलं आली, काचेला जाऊन भिडला. ज्याला कळतं त्याला तो पाहवला नसता. बाकीचं काचघर मात्र तिनं आरशासारखं ठेवलं होतं, म्हणून तो आणखीच डोळ्यांत खुपे.

एका सुट्टीच्या दिवशी नवरा चहाचा कप घेऊन मागं आला. सहसा यायचा नाही. दारात उभा राहून त्यानं इकडंतिकडं बघितलं.

“अगं, हा एक राहिलाय की तुझा. मलासुद्धा दिसतोय.” आणि त्यानं हात पुढं केला.

तिनं त्याचं मनगट धरलं, चहा सांडला.

“राहू दे तो.”

“अगं पण झाडाची वाट लागेल.”

“राहू दे म्हणते ना. त्या काढतील.”

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. सांडलेला चहा त्यानं बाहीनं पुसला आणि डावीकडच्या फळीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. तेव्हा तिला आठवलं, की ती गेलेली बाई या माणसाची आई होती.

“मी रोज पहाटे निघताना बाहेरून डोकावतो,” तो म्हणाला. “मला अंधारात दिसत नाही नीट. काही असतं का गं फळीवर अजून?”

तिला खोटं बोलावंसं वाटलं.

“नाही,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग तिनं सुतळीचा एक तुकडा तोडला, आणि दोघांनी मिळून तो बगलफूट छताला बांधला, भारानं मोडू नये म्हणून.