एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या आणि चार नावे

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे साठ सालची. मे महिन्यातला रविवार होता. त्या दिवशी दुपारपर्यंत मला एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या. संध्याकाळी त्रेसष्ट उरल्या.

मी एक जुनी लाकडी पायऱ्यांची वाट आहे. चिलीच्या दक्षिणेला, चिलोए बेटावर, केल्वेन नावाच्या कोळीवाड्यात माझा जन्म झाला. घरे खाली समुद्राला लागून, आणि शाळा, चर्च, बटाट्यांची शेते वर टेकडीच्या माथ्यावर. दोन्ही जोडायला मला बांधले ते कुणा एकाने नाही, सगळ्या गावाने. एकाचे काम सगळ्यांनी करायचे आणि ज्याचे काम त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे, याला तिथे मिंगा म्हणतात. माझी मिंगा नऊ दिवस चालली. सायप्रस झाडाच्या फळ्या बैलांनी ओढून आणल्या. माझ्या प्रत्येक पायरीखाली कुणाचा ना कुणाचा घाम आहे.

मी माणसे चेहऱ्यावरून ओळखत नाही, श्वासावरून ओळखते. क्लोरिंदाआजी चौऱ्याहत्तर वर्षांची, पाठीवर बटाट्यांची टोपली, तरी तिचा श्वास माथ्यापर्यंत एका लयीत चाले. तिचा मोठा मुलगा एवारिस्तो होड्या बांधायचा. गावात त्याच्याइतका ताकदवान कुणी नव्हता. पण तो विसाव्या पायरीवर भात्यासारखा वाजू लागे. धाकटा आबेलार्दो दोन-दोन पायऱ्या गाळत पळायचा. आणि एवारिस्तोची नऊ वर्षांची लेक रोसाल्बा, आई नसलेली पोर, ती माझ्यावरून गात जायची.

ओतिलियाबाई शाळेत शिकवायच्या. टेकडीला वळसा घालून बैलगाडीचा रस्ता झाला, तेव्हा लोक गाडीतून जाऊ लागले. बाईंनी मात्र मुलांना सांगितले की शाळेत यायचे ते पायऱ्यांनीच. वर आल्याआल्या, थांबायच्या आत, आपल्या घरातल्या सगळ्यांची नावे एका दमात म्हणायची. दम तुटला तर उद्या पुन्हा. गडीमाणसे बाईंना हसत. बाई शाळा चालवतात की शेळ्या चारतात, असे म्हणत.

एकदा जत्रेत एवारिस्तोने होडीचा लोखंडी नांगर डोक्यावर उचलून धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो बाईंना म्हणाला, "बाई, तंदुरुस्ती म्हणजे हे. पोरांना पळवून काय होतंय?"

"छान उचललास," बाई म्हणाल्या. "आता वर जा आणि घरातली चार नावं सांग. चारच आहेत."

तो चढला. माथ्यावर पोचून त्याने आईचे नाव घेतले, लेकीचे घेतले, आणि तिसऱ्यापाशी खोकत खाली बसला. आबेलार्दो ओरडून म्हणाला, "दादा, मी उरलो की रे! मला बुडवलंस!" सगळे हसले. एवारिस्तोही हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, की अंगातली ताकद दाखवायला उपयोगी पडते, पण श्वास उरला पाहिजे तो दुसऱ्यासाठी.

त्या दिवसानंतर एवारिस्तो माझ्यावर आलाच नाही. माझी अठ्ठावन्नावी पायरी तेव्हा कुजू लागली होती. ती बदलायचे त्यानेच कबूल केले होते. "पुढच्या रविवारी," असे म्हणायचा. बरेच रविवार गेले. तो स्वतःच्या छातीबद्दलही तेच म्हणत असे.

आता त्या रविवारचे सांगते. इतकी वर्षे झाली, तरी सांगताना माझ्या फळ्या करकरतात.

दुपारची जेवणे झाली होती. आधी कुत्री गप्प झाली. मग जमीन हलली. पुष्कळ वेळ हलली. माणसांना उभे राहता येईना, ती गवत धरून बसली. बैलगाडीचा रस्ता टेकडीवरून सुटून दरीत गेला. माझे खिळे वाकले, पण मी टिकले. हादरे थांबल्यावर लोकांनी एकमेकांना चाचपून पाहिले. कुणी मेले नव्हते. कुणी रडले, कुणी देवाचे आभार मानले.

आणि मग समुद्र मागे गेला.

मित्रांनो, त्याने आवाज केला नाही, याचीच मला भीती वाटली. तो नुसता निघून गेला. होड्या चिखलात आडव्या झाल्या. कधी कुणी न पाहिलेले खडक उघडे पडले, आणि खडकांवर शिंपल्यांचे थरच्या थर. केल्वेनची माणसे ओहोटीवर जगणारी. पाणी हटले की टोपली उचलायची, हे त्यांच्या हाडांत होते. एवढी मोठी ओहोटी म्हणजे देवाने घाबरवल्याची भरपाई केली, असे त्यांना वाटले. पोती घेऊन ती समुद्राच्या तळावर उतरली. आबेलार्दो सगळ्यांच्या पुढे, पार लांबच्या खडकांपर्यंत गेला. एवारिस्तो रोसाल्बाला घेऊन गेला. मला ओरडता येत असते तर मी ओरडले असते. माझ्या खालच्या पायऱ्या नेहमी ओल्या असत. त्या दिवशी त्या सुकू लागल्या होत्या.

माथ्यावर ओतिलियाबाई शाळेची पडलेली कौले बघत होत्या. क्लोरिंदाआजी चर्चमध्ये होती. बाईंनी वळून पाहिले, तर समुद्र जागेवर नव्हता. त्यांनी खेळाची शिट्टी तोंडात धरली आणि फुंकत राहिल्या. खाली मोठी माणसे शिंपले वेचत राहिली. पण मुलांनी मान वर केली. ती शिट्टी म्हणजे पायऱ्या चढायच्या, एवढेच त्यांना ठाऊक होते. मुले पळाली, म्हणून आया त्यांच्यामागे धावल्या, आणि आयांमागे बाप. माझ्यावर एकदम शंभर पावले पडली. असे ओझे मी आयुष्यात पेलले नव्हते.

सगळ्यांत शेवटी एवारिस्तो होता. रोसाल्बा त्याचा हात ओढत होती. तिला कधीच पुढे जाता आले असते. विसाव्या पायरीवर त्याचा भाता वाजू लागला. चाळिसावीवर तो वाकला. अठ्ठावन्नावी पायरी त्याच्या पायाखाली मोडली आणि तो मांडीपर्यंत आत गेला.

मित्रांनो, ती मीच होते. मी त्याला धरून ठेवले होते.

त्याने पाय ओढून काढला. रक्त आले. वरच्या पायरीवर बसून तो म्हणाला, "तू जा पोरी. मी येतो मागनं."

"नाही."

"जा म्हणतो ना."

"बाबा, नावं म्हणा. एका पायरीला एक."

"दम नाही गं."

"मग मनात म्हणा. पाय उचला."

तेव्हा लांबून आवाज आला. पाण्याचा वाटत नव्हता, दगडांनी भरलेल्या शेकडो गाड्या येत असाव्यात तसा होता. एवारिस्तोने मागे पाहिले, आणि तो उठला. हात टेकून, गुडघ्यांवर, जनावरासारखा तो चढू लागला. रोसाल्बा मोठ्याने नावे घेत होती. क्लोरिंदा. रोसाल्बा. आबेलार्दो. एवारिस्तो. पुन्हा क्लोरिंदा. त्याचे तळवे मला तापल्या तव्यासारखे लागत होते. दर पायरीला मला वाटे, आता हा बसणार.

शंभराव्या पायरीवर तो खरोखरच थांबला. तेवढ्यात बाई माथ्यावरून उतरून आल्या. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी त्याला ओढले नाही. त्या त्याच्या खालच्या पायरीवर, समुद्राच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू थांबलास तर मीही थांबते."

तो चढला.

पाणी आले तेव्हा ती तिघे एकशे तिसाव्या पायरीवर होती. एकामागून एक माझ्या पायऱ्या गेल्या. पाणी एकशे एकविसाव्या पायरीपर्यंत आले, ती उपटून घेतली, आणि परत फिरले. खाली एकही घर राहिले नाही.

माथ्यावर बाईंनी प्रत्येक घराला नावे म्हणायला लावली. कोण आहे आणि कोण नाही, हे कळायला दुसरा उपाय नव्हता. क्लोरिंदाआजीने एवारिस्तो म्हटले, रोसाल्बा म्हटले, आणि तिचा कधीही न तुटणारा श्वास तुटला. आबेलार्दो सगळ्यांत वेगाने पळणारा होता. पण तो सगळ्यांत लांब गेला होता. म्हणून पायांत बळ असले की सगळेच वाचतात, असे मी तुम्हांला खोटे सांगणार नाही. पण एवारिस्तोची लेक वाचली, आणि बापाला सोडून न जाताही वाचली. त्याच्या छातीने आणखी थोडी कुचराई केली असती, तर ती दोघे आणि बाई, तिघेही गेली असती.

आबेलार्दो सापडला नाही. आजी त्यानंतर तीन हिवाळे जगली आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत वरच्या पायऱ्यांवरून चालली. बाईंनी आणखी बारा वर्षे शिकवले. एक्क्याण्णवाव्या वर्षी स्वतःच्या अंथरुणात, शांतपणे गेल्या. एवारिस्तोने गाव जमवून माझी दुसरी मिंगा घातली. पहिली फळी त्याने अठ्ठावन्नाव्या पायरीची बसवली. मग तो रोज चढू लागला. पहिल्या महिन्यात एका चढणीत अकरा वेळा बसायचा. पुढच्या शरद ऋतूत एकदाही नाही. माथ्यावर पोचला की चारही नावे एका दमात घ्यायचा, तिसरे जरा मोठ्याने. रोसाल्बा आता म्हातारी झाली आहे. गुडघे दुखतात, तरी चढते, आणि नातवंडांकडून नावे म्हणवून घेते. गाडीरस्ता पुन्हा झाला आहे, चांगला रुंद. माझ्यावरून फार कुणी येत नाही, आणि माझी एक्केचाळिसावी पायरी हलू लागली आहे. ते मला रात्रंदिवस खुपते.

मित्रांनो, तुमच्या गावात समुद्र नसेल. पण एखादी चढण असेलच. आज तिथे जा, चढा, आणि वर पोचल्यावर न थांबता आपल्या घरातल्या सगळ्यांची नावे घ्या. ज्या नावापाशी दम तुटेल, ते नाव लक्षात ठेवा. आणि उद्या पुन्हा चढा.