टोपीच्या पिनेने लिहिलेला निकाल

मी एक जुना निकालफलक आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. माझं वय एकशे दहाच्या पुढे गेलं आहे, कडेची पट्टी सुटली आहे, वाळवीने एक कोपरा चाखून सोडून दिला आहे. पण माझ्यावर लिहिलेला एकही निकाल मी विसरलेलो नाही, आणि कुणी विसर म्हटलं तरी विसरणार नाही.

सिडनीच्या पश्चिमेला, क्वेकर्स हिलपासून गाडीने दहा मिनिटांवर एक लाकडी हॉल आहे. तिथल्या बॅडमिंटन क्लबने मला सिडारच्या रुंद फळीतून करवून घेतलं. सुताराने तीन दिवस रंधा मारला. रंगाऱ्याने माझ्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत 'अजिंक्यपद स्पर्धा' असं लिहिलं आणि त्याखाली दर वर्षी पुरुष विजेत्याचं नाव आणि गुण भरू लागला. लोक मान वर करून वाचायचे. मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

१९१३ साली महिलांचीही एकेरी ठरली. नावं आली तीन: एडिथ, मेबल आणि फ्लॉरी. सेक्रेटरीसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि तिघींत कसली स्पर्धा, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून सामने रद्द केले. तिघींनी वाद घातला नाही. पण हॉलची एक किल्ली सोमवारच्या शिवणवर्गाकडे असायची आणि तो वर्ग चालवायची एडिथ. त्या सोमवारी शिवणाच्या टोपल्या कोपऱ्यात गेल्या आणि जाळी बांधली गेली. घोट्यापर्यंतचे झगे सावरत तिघी एकमेकींशी खेळल्या. मेबल दोनदा घसरून पडली. एडिथने दोन्ही सामने जिंकले. मग ती स्टुलावर चढली, टोपीची लांब पिन काढली आणि तिने माझ्या तळाशी तिघींची नावं आणि गुण कोरले. शेवटी एकच शब्द लिहिला, 'खेळलो'. दुखलं मला, पण मी हूं की चूं केलं नाही.

डिसेंबरात रंगारी आला, पुरुष विजेत्याचं नाव लिहिलं आणि खाली न बघताच सगळ्या अंगावर वॉर्निश फिरवून गेला. ती ओळ त्या वॉर्निशखाली शाबूत राहिली. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं, खेळणारे पांगले, क्लब बंद पडला. १९१४ ची ओळ माझ्यावर कधी आलीच नाही.

त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. हॉलमध्ये नाच झाले, बिंगो झाला, योगवर्ग झाले. एकाने माझ्या कपाळात खिळा ठोकून घड्याळ टांगलं. दुसऱ्याने माझ्यासमोर प्रोजेक्टरचा पडदा सोडला आणि कित्येक वर्षं मी त्या पडद्याची पाठच बघत राहिलो.

मग दर रविवारी मराठी मंडळी खेळायला येऊ लागली. मराठी मला त्यांनीच शिकवली, म्हणजे फूल जाळीत अडकल्यावर जे म्हणतात ते आधी आणि बाकीचं नंतर. त्यांच्यात सुखदा होती. पुण्यात कॉलेजकडून खेळलेली, इथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एकेरी अजून एखादा सीझन खेळा, मग फक्त डबल्स, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो सीझन हाच होता. तिथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत तिला एकदा तरी एकेरी खेळायची होती, आणि महिला एकेरीत नावं आली पुन्हा तीनच. सुखदा, हॅरिस पार्कची नर्स शाल्मली आणि मुलाकडे राहायला आलेल्या एकसष्ट वर्षांच्या चित्रलेखाकाकू. स्पर्धेचं सगळं पद्माकरदादा बघायचे. माणूस भला, पण नियमाला चिकटलेला, आणि नियम किमान चार नावांचा होता.

"तीनच एंट्रीज आहेत गं, ड्रॉ कसा काढू?" ते सुखदाला म्हणाले. "तुम्ही मिक्स्ड खेळा. नेक्स्ट इयर नक्की, नो वरीज."

हे ते सलग तिसऱ्या वर्षी म्हणत होते. पडद्यामागे माझा संताप संताप झाला, पण फळीला कोण विचारतो?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दादा आणि सुखदा हॉल आवरायला आले. भिंतीवर मोठा टीव्ही लागणार होता. मला काढून, काउन्सिलची गाडी जुनं सामान उचलून नेते त्या रस्त्याकडेच्या ढिगात ठेवा, असा हॉल कमिटीचा निरोप होता. पद्माकरदादांनी स्क्रू काढून मला दाराशी टेकवलं. टाकायचंच आहे तर पुसायचं कशाला, असं ते म्हणत होते, तरी सुखदा ओल्या फडक्याने मला खसाखसा पुसत राहिली. राग त्यांच्यावरचा होता, निघत माझ्यावर होता. तेवढ्यात दारातून तिरकं ऊन आलं आणि तिचा हात थांबला. वॉर्निशखालची अक्षरं ती बोटाने चाचपत वाचू लागली.

"दादा, इकडे या. ह्यापण तिघीच होत्या."

दादांनी चष्मा लावून वाचलं. मग म्हणाले, "अगं, शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे. आपलं शेड्यूल फुल आहे. पुढच्या वर्षी..."

"ह्यांनाही पुढच्या वर्षीच सांगितलं असणार. बघा ना, चौदाची ओळच नाहीये इथे." तिचा आवाज चढला नाही. "माझा गुडघा पुढच्या वर्षी नसेल, दादा. मला उद्या कोर्ट द्या."

दादांनी माझ्या तळाची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग लंच ब्रेकमध्ये कोर्ट रिकामं असतं, एवढंच म्हणाले. मला त्यांनी ढिगात नेलं नाही.

रविवारी पहिलं फूल उडालं तेव्हा बघायला चार माणसं होती. शेवटच्या सामन्याला सगळा हॉल पावभाजीच्या प्लेटा हातात धरून उभा होता, आणि अंपायर होते स्वतः पद्माकरदादा. सुखदाने शाल्मलीला हरवलं. पण चित्रलेखाकाकूंनी जागचं फारसं न हलता फूल जाळीलगत असं काही टाकलं की सुखदाचा गुडघा आणि जीव दोन्ही मेटाकुटीला आले. एकवीस–एकोणीस. दोन्ही सामने जिंकून काकू विजेत्या झाल्या. सुखदाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तिने काकूंच्या बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन मागून घेतली, माझ्यापुढे मांडी घातली आणि एडिथच्या ओळीखाली तिघींची नावं आणि गुण कोरले. शेवटी मराठीत लिहिलं, 'खेळलो'. या वेळी मला मुळीच दुखलं नाही.

कमिटीचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, याला घासून घेऊ, सगळी नावं सोनेरी करू. घासलं तर पिनेची अक्षरं जातील, म्हणून सुखदाने त्यांना नको सांगितलं. आता टीव्ही माझ्या जागी आहे आणि मी दारापाशी, येणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखं जुनं काही हाती आलं तर जरूर पुसा, पण घासू नका. आणि कुणी तुम्हाला पुढच्या वर्षी बघू असं सांगितलं, तर पिन घेऊन माझ्याकडे या. आधी खेळून या मात्र. तळाशी अजून चार बोटं जागा आहे.