तिसरी थाळी

तिने पिशवीतून थाळीचे दोन तुकडे काढून काउंटरवर ठेवले. सिरॅमिकच्या ग्रिलमध्ये निखारे आणि जाळी यांच्या मधे बसते ती थाळी, आच थेट लागू नये म्हणून. हातातून निसटली, असं बाबा म्हणाले होते.

दुकानदाराने एक तुकडा उलटा करून कडेवरून अंगठा फिरवला. ही पडून फुटलेली नाही, तो म्हणाला. तापलेलीवर गार पाणी ओतलं की अशी मधोमध तडकते.

तिला हसू आलं. बाबांनी पस्तीस वर्षं कौलांच्या भट्टीवर काढली होती. तापल्या मातीला पाणी दाखवू नये, हे ती अक्षरं गिरवायच्या आधी त्यांच्याकडूनच शिकली होती. तिने तसं सांगितलं, तेव्हा दुकानदार नवी थाळी पुसता पुसता थांबला.

"म्हणजे भट्टीवाल्या काकांच्या तुम्ही कन्या? दोन महिन्यांतली ही तिसरी. काकू ऐकतच नाहीत म्हणे, दर वेळी पाणी ओततात."

पैसे काढायला पिशवीत घातलेला तिचा हात तसाच राहिला. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

ती घरी आली तेव्हा बाबा मागच्या अंगणात स्टुलावर बसून राख चाळत होते. त्यांनी नव्या थाळीवर बोटाचं पेर वाजवलं, कान देऊन नाद ऐकला आणि पसंतीची मान हलवली. तिने विचारायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं.

"बाबा, पाणी कोण ओततं?"

चाळणी थांबली.

"मीच असणार. दुसरं आहे कोण घरात?" ते म्हणाले. "ओतल्याचं आठवत नाही. थाळी तडकलेली दिसते, अन् रिकामं भांडं माझ्या हातात."

ती पायरीवर बसली.

"मग आईचं नाव का घेतलंत?"

"कोणाचं तरी घ्यायला हवं होतं. ती कधी उलटून बोलली नसती."

बाबांनी चाळणी खाली ठेवली. मग त्यांनी कोळशाची पिशवी तिच्याकडे सरकवली. आजपासून तू पेटवायचंस, मी बाजूला बसून सांगेन, असं म्हणून स्टूल हातभर मागे घेतलं.

तिने कोळसे रचले, पेटवले, ते लाल होईतो वारा घातला.

"आता थाळी ठेवू, की अजून थांबू?"

बाबांनी सांगायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. निखाऱ्यांवर हळूहळू राखेचा पापुद्रा धरू लागला.